डॉ. सिसिली विल्यम्स : आईला विचारणाऱ्या डॉक्टरीणबाई

वाचकहो, आपल्याकडे पहिलटकरीण बाळंतपणासाठी माहेरी जाते. ही रीत कोणी घातली हे कोणी विचारीत नाही. पण तिच्यात पिढ्यान्‌पिढ्यांचे शहाणपण साठलेले आहे. तान्ह्याला कसे धरावे, अंगावर कसे घ्यावे, त्याचे कोणते रडणे भुकेचे आणि कोणते पोटदुखीचे, हे नव्या आईला पुस्तकातून उमगत नाही. ते तिची आई दाखविते, मावशी दाखविते, शेजारची अनुभवी बाई दाखविते. पहिल्या काही दिवसांत दूध नीट उतरले नाही तर धीर देणारे माणूस रात्री उशाशी असते. अळिवाची खीर आणि डिंकाचा लाडू हातात ठेवणारेही तेच असते.

आता अशी एक आई आपल्या डोळ्यांपुढे आणा, जिला जाण्यासाठी माहेरच उरलेले नाही. युद्धाने, दुष्काळाने किंवा पोटाच्या खळगीने तिला दूर देशी आणून टाकले आहे. भोवतालची भाषा तिला कळत नाही, बाजारातले धान्य ओळखीचे नाही, दवाखान्यात शिरण्याची भीती वाटते, आणि मांडीवर आठ दिवसांचे मूल आहे. परगावी गोठ्यात बाळंत झालेल्या आणि पुढे तान्ह्याला उराशी धरून मिसर देशाची वाट धरावी लागलेल्या मातेची कथा आपण दर नाताळात ऐकतो. तशा लक्षावधी माता आजही जगाच्या वाटांवर आहेत.

अशा मातांना मदत कशी करावी, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. मदत करणारा पुष्कळदा आपलेच ज्ञान, आपलेच अन्न आणि आपलीच रीत घेऊन तिच्या दारात उभा राहतो, आणि तिला काय ठाऊक आहे हे विचारायचे विसरतो. हे विचारण्याचे भान ज्यांनी आयुष्यभर राखले, त्या डॉ. सिसिली विल्यम्स यांचे चरित्र आज आपल्यापुढे ठेवावयाचे आहे. बालआरोग्याच्या इतिहासात त्यांचे नाव मोठे आहे. मराठी वाचकाला मात्र ते फारसे परिचित नाही.

बेटावरची मुलगी

सिसिलीचा जन्म २ डिसेंबर १८९३ रोजी वेस्ट इंडीजमधील जमैका बेटावर, वेस्टमोरलँड परगण्यात झाला. तिचे घराणे मूळचे इंग्रज, पण अनेक पिढ्या त्या बेटावर स्थायिक झालेले होते. वडील जमैकाच्या शिक्षण खात्याचे प्रमुख होते. मुलगी नऊ वर्षांची असताना, हिचे लग्न जमणे कठीण दिसते, तेव्हा हिने डॉक्टरीण व्हावे हे बरे, असे वडील म्हणाल्याचे सांगतात. बोलणे थट्टेचे असेल. पण मुलीने ते मनावर घेतले. पुढे तिने लग्न केले नाही आणि डॉक्टरकी मात्र अखेरपर्यंत सोडली नाही.

तेराव्या वर्षी तिला शिक्षणासाठी इंग्लंडला पाठविण्यात आले. एकोणिसाव्या वर्षी ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल कॉलेजात तिला जागाही मिळाली. परंतु त्याच सुमारास घरी अडचण आली आणि ती शिक्षण बाजूला ठेवून जमैकाला परतली. त्यानंतरची काही वर्षे घरच्यांना मदत करण्यात गेली. १९१६ मध्ये वडील वारले, आणि मग वयाच्या तेविसाव्या वर्षी तिने पुन्हा ऑक्सफर्डची वाट धरली. पहिले महायुद्ध चालू होते. तरुण पुरुष रणांगणावर गेल्यामुळे वैद्यकीच्या वर्गात जागा रिकाम्या होत्या, म्हणून स्त्रियांना प्रवेश मिळत होता. १९२३ मध्ये त्या डॉक्टर झाल्या.

पण तोवर युद्ध संपून पुरुष परतले होते आणि रिकाम्या जागा भरल्या होत्या. स्त्री डॉक्टरला काम मिळणे दुरापास्त होते. लंडनमध्ये स्त्रियांच्या व मुलांच्या रुग्णालयांत त्यांनी अनुभव घेतला. त्यानंतर काही काळ त्या ग्रीसमधील सलोनिका शहरी गेल्या. ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यात १९२३ मध्ये लोकसंख्येची अदलाबदल झाली होती, आणि तुर्कस्तानातून निघालेली असंख्य कुटुंबे त्या बंदरात येऊन पडली होती. मुळासकट उपटलेल्या मातांचा आणि त्यांच्या लेकरांचा हा त्यांना झालेला पहिला निकट परिचय. असा परिचय पुढे त्यांच्या आयुष्यात पुन्हा पुन्हा व्हावयाचा होता.

पाठचे भावंड आणि एक आजार

१९२९ मध्ये ब्रिटिश वसाहत खात्याने त्यांना आफ्रिकेतील गोल्ड कोस्ट येथे, म्हणजे आजच्या घाना देशात, पाठविले. त्यांचे पद स्त्री वैद्यकीय अधिकाऱ्याचे होते आणि पगार पुरुष सहकाऱ्यांपेक्षा कमी होता. काम मात्र मुलांचे, आणि तेच त्यांना हवे होते.

त्या काळी इंग्लंडमध्ये बाळाला घड्याळ पाहून दूध पाजण्याची पद्धत बोकाळली होती. दर चार तासांनी दूध, मध्ये रडले तरी उचलावयाचे नाही, बाळाची खोली वेगळी, असा तो शिरस्ता होता. आफ्रिकेतील आई हे काहीच पाळीत नव्हती. तिचे मूल दिवसभर तिच्या पाठीला बांधलेले असे, रात्री तिच्या कुशीत असे, आणि मागेल तेव्हा त्याला दूध मिळे. वसाहतीतील अनेक अधिकाऱ्यांना यात अडाणीपणा दिसला. डॉ. विल्यम्स यांनी मात्र मुलांकडे पाहिले. पहिल्या वर्षातील ही बाळे गुटगुटीत होती, शांत होती आणि चांगली वाढत होती. जे चांगले चालले आहे ते मोडावयाचे कशाला, असा साधा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला.

संकट येई ते पुढे. एक ते चार वर्षांच्या दरम्यानची काही मुले दवाखान्यात येत, त्यांची पावले आणि हात सुजलेले असत. कातडी काळवंडून सोलत असे, केसांचा रंग फिकट तांबूस होई, मूल चिडचिडे आणि मलूल होऊन जाई, आणि बहुतेकदा थोड्याच दिवसांत दगावे. डॉक्टरी पुस्तकांत या दुखण्याला नाव नव्हते. डॉ. विल्यम्स यांनी दगावलेल्या मुलांची शवविच्छेदने स्वतः केली, औषधे देऊन पाहिली, आणि शेवटी जे कोणी केले नव्हते ते केले. तुम्ही या आजाराला काय म्हणता, असे त्यांनी तेथील स्त्रियांना विचारले.

अक्रा शहराच्या परिसरातील गा लोकांच्या भाषेत त्याला नाव होते : क्वाशिओरकोर. पुढचे बाळ जन्मले की आधीच्या मुलाला जडणारे दुखणे, असा त्याचा आशय. आपल्या मराठीत पाठचे भावंड हा शब्द आहे. पाठचे भावंड आले म्हणून जे मूल आईच्या अंगावरून दूर झाले त्याचा हा आजार, असे म्हटले की आपल्याला लगेच कळते. त्या एका शब्दात रोगाचे निदानच सांगितलेले होते. आईचे दूध तुटलेल्या त्या मुलाला मक्याच्या पिठाच्या पेजेवर ठेवले जाई. पेजेने पोट भरे, पण वाढत्या अंगाला लागणारे सत्त्व तीत नसे. डॉ. विल्यम्स यांनी अशा मुलांना डब्यातील दूध आणि कॉडलिव्हर तेल देऊन पाहिले, तेव्हा त्यांतील अनेक बरी झाली. डब्यातील दुधाचा हा उपयोग आपण लक्षात ठेवावा. त्याच डब्याची दुसरी बाजू पुढे येणार आहे.

१९३३ मध्ये त्यांनी या आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले आणि १९३५ मध्ये लॅन्सेट या विख्यात वैद्यकीय नियतकालिकात तो क्वाशिओरकोर या गा नावानेच मांडला. इंग्रज, लॅटिन किंवा स्वतःचे नाव त्यांनी त्याला दिले नाही. ज्या मातांनी तो ओळखला होता त्यांच्याच भाषेतले नाव त्यांनी जगाला स्वीकारावयास लावले. तज्ज्ञ म्हणविणाऱ्या काहींनी हा ठाऊक असलेलाच दुसरा रोग आहे म्हणून त्यांना खोडून काढले. पण १९५२ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व शेती संघटना यांच्या वतीने आफ्रिकेतील अनेक देशांची पाहणी प्रसिद्ध झाली, तेव्हा हा आजार फार मोठ्या प्रदेशावर पसरलेला असल्याचे जगाला मान्य करावे लागले. प्रथिनांची उणीव एवढेच त्याचे कारण नाही, जंतुसंसर्ग आणि आतड्यांतील बिघाड यांचाही त्यात वाटा आहे, असे आजचे शास्त्र सांगते. तथापि दूध तुटल्यानंतरच्या मुलाच्या ताटाकडे जगाचे लक्ष प्रथम वेधले ते या डॉक्टरीणबाईंनी.

एक गोष्ट त्यांना पटत नसे. आजारी मुलांचा दवाखाना वेगळा आणि निरोगी मुलांच्या तपासणीचे केंद्र वेगळे, असा सरकारी खाक्या होता. ज्या आईने मैलभर चालून मूल आणले तिला, हे मूल आजारी आहे, येथे नको, तिकडे जा, असे सांगणे त्यांना क्रूरपणाचे वाटे. औषध द्यावे आणि त्याच बैठकीत आईशी खाण्यापिण्याविषयी बोलावे, हा त्यांचा आग्रह होता. यावरून वरिष्ठांशी मतभेद झाले, आणि १९३६ मध्ये त्यांची बदली हजारो मैल दूर मलायात झाली.

परक्या शहरातील डबा

सिंगापूर हे त्या काळी स्थलांतरितांचेच शहर होते. दक्षिण चीनमधून आलेले मजूर व व्यापारी, तमिळनाडूतून आलेले कामकरी, आसपासच्या बेटांवरून आलेले मलायी, अशी तेथील वस्ती. १९३३ च्या एका कायद्याने परदेशी पुरुषांच्या येण्यावर मर्यादा घातली गेली, स्त्रियांवर मात्र ती काही वर्षे नव्हती; त्यामुळे त्या दशकात चिनी स्त्रिया मोठ्या संख्येने तेथे उतरल्या. दुकानांच्या माड्यांवर फळ्या ठोकून केलेल्या अंधाऱ्या खोल्यांत कुटुंबेच्या कुटुंबे राहत. स्त्रिया दिवसभर कामाला जात. सासू, आई, आत्या समुद्रापलीकडे राहिलेल्या होत्या.

माहेराची ही रिकामी जागा कोणी भरली, वाचकहो? ती एका डब्याने भरली. साखर घातलेल्या आटवलेल्या दुधाचा डबा स्वस्त होता, टिकाऊ होता आणि त्याच्यावर गुबगुबीत गोऱ्या बाळाचे चित्र होते. कंपन्या परिचारिकांसारखा पांढरा पोशाख केलेल्या स्त्रियांना पगारी नेमून बाळंतिणींच्या घरी पाठवीत. परक्या शहरात एकट्या पडलेल्या आईला ती पोशाखातील बाई दवाखान्याचीच वाटे. तुझे दूध पुरत नाही, हे दूध चांगले, असे ती सांगे. आई थोडे दिवस डबा वापरी, तेवढ्यात तिचे स्वतःचे दूध आटे, आणि मग परतीची वाट उरत नसे.

पुढचे दृश्य डॉ. विल्यम्स यांना रोज रुग्णालयात दिसे. डबा महाग पडू लागला की आई त्यात पाणी वाढवी. ते पाणी शुद्ध नसे, बाटली उकळण्यापुरते सरपण नसे. बाळाला हगवण लागे आणि ते वाळत जाई. साय काढून घेतलेल्या दुधाच्या काही डब्यांत अ जीवनसत्त्व नसे आणि त्यामुळे मुलांची दृष्टी जाई. असे डबे बाळांना देण्यास अयोग्य आहेत अशी सूचना त्यांवर छापणे इंग्लंडमध्ये बंधनकारक होते. तेच दूध सिंगापूरच्या गरीब मातांच्या हाती मात्र सुखेनैव पडत होते.

१९३९ मध्ये सिंगापूरच्या रोटरी क्लबने त्यांना भाषणास बोलाविले. त्या मंडळाचे अध्यक्ष एका मोठ्या दूध कंपनीचे तेथील प्रमुख होते. समोर शहरातील प्रतिष्ठित व्यापारी बसलेले. अशा सभेत गोड बोलून निघून जाणे सोपे होते. डॉ. विल्यम्स यांनी आपल्या भाषणाला दूध आणि खून असे नाव दिले. अयोग्य दूध देण्याचा प्रचार करून जे बाळांचे मरण ओढवतात त्यांच्या कृत्याला खून हेच नाव द्यावे लागेल, अशा आशयाचे त्यांनी तेथे निर्भीडपणे मांडले. त्यांचा राग विकणाऱ्यांवर होता, आयांवर नव्हता, हे आपण नीट ध्यानात घ्यावे. फसलेल्या आईला त्यांनी कधी दोष दिला नाही. गोल्ड कोस्टला ज्या डब्याने त्यांनी दूध तुटलेली मुले वाचविली, तोच डबा तान्ह्याच्या तोंडी गेल्यावर विष कसा होतो, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. अन्न चांगले की वाईट हे ते कोणाला, कोणत्या वयात आणि कोणत्या घरात दिले जाते यावर ठरते, हा धडा त्यांनी त्यातून घेतला.

तारांच्या कुंपणाआड

डिसेंबर १९४१ मध्ये जपानी सैन्य मलायात उतरले. डॉ. विल्यम्स तेव्हा द्वीपकल्पाच्या पूर्व किनाऱ्यावरील त्रेंगानू येथे होत्या. जंगलातून वाट काढीत त्या सिंगापूरला पोहोचल्या. पण १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूरही पडले. इतर नागरिकांबरोबर त्यांना चांगीच्या तुरुंगात डांबण्यात आले. जी बाई आजवर विस्थापित मातांची सेवा करीत होती, ती आता स्वतः घरदार हरपलेल्या बायकांतील एक झाली.

तुरुंगात स्त्रियांच्या छावणीचे पुढारीपण काही काळ त्यांच्याकडे होते. १९४३ मध्ये संशयावरून जपानी लष्करी पोलिसांनी त्यांना नेले. मरणासन्न कैद्यांनी भरलेल्या पिंजऱ्यासारख्या कोठडीत त्यांनी कित्येक महिने काढले. तेथे त्यांचा छळ झाला. उपासमारीने त्यांना बेरीबेरी जडला आणि पायांची संवेदना कायमची उणावली.

पण त्या छावणीतील एक गोष्ट त्या पुढे आयुष्यभर अभिमानाने सांगत राहिल्या. कुंपणाआड त्यांच्या देखरेखीच्या काळात वीस बालके जन्मली. आयांचे स्वतःचे पोट भरत नव्हते, साबणाची आणि औषधांची वानवा होती. डब्याचे दूध मिळण्याचा प्रश्नच नव्हता. वीसही बालके आईच्या अंगावर पाजली गेली आणि वीसच्या वीस जगली. तेथे एकीला दूध उतरेना झाले तर दुसरी तिच्याजवळ बसे, धीर देई. माहेर म्हणतात ते याहून वेगळे काय असते? बायकांनी बायकांना दिलेला आधार हाच मातृसेवेचा पाया आहे, हे सत्य त्या तुरुंगात उघडे झाले. सुटकेनंतर डॉ. विल्यम्स यांनी छावणीतील स्त्रिया व मुले यांच्या पोषणाविषयी अहवाल लिहिला.

जगाच्या सेवेत

१९४८ मध्ये जागतिक आरोग्य संघटना स्थापन झाली आणि तिच्या माता-बाल आरोग्य विभागाचे पहिले प्रमुखपद डॉ. विल्यम्स यांच्याकडे आले. पुढे आग्नेय आशियातील मातांच्या व मुलांच्या आरोग्यकार्याची जबाबदारी त्यांनी सांभाळली. जमैकात मुलांना ग्रासणाऱ्या एका वांतीच्या गूढ आजाराचा शोध घेण्यासाठी त्या आपल्या जन्मभूमीलाही गेल्या. १९५९ पासून काही वर्षे त्यांनी बैरूतच्या अमेरिकन विद्यापीठात अध्यापन केले आणि गाझा पट्टीतील पॅलेस्टिनी निर्वासितांच्या छावण्यांतही काम केले. सलोनिकाला सुरू झालेले वर्तुळ जणू पूर्ण झाले. तेथेही घर हरवलेल्या आया होत्या, आणि तेथेही प्रथम विचारावयाचे होते ते हेच : तुम्ही मुलांना काय घालता, कसे घालता, आणि येथे त्यातील काय मिळत नाही?

डेरिक जेलिफ यांच्यासह त्यांनी माता व बाल आरोग्यावर ग्रंथ लिहिला. देशोदेशीच्या तरुण डॉक्टरांना त्या हेच शिकवीत राहिल्या, की इस्पितळाच्या इमारतीत बसून बालमृत्यू कमी होत नाहीत. त्यासाठी आईच्या घरात जाऊन तिची चूल, तिचे पाणी आणि तिचा दिवस कसा जातो हे पाहावे लागते. साध्या, स्थानिक, परवडणाऱ्या उपायांवर त्यांचा भर असे.

त्यांनी एकटीने उठविलेला आवाज चार दशकांनी जगाचा आवाज झाला. मे १९८१ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने आईच्या दुधाऐवजी विकल्या जाणाऱ्या पदार्थांच्या जाहिरातीवर व विक्रीच्या पद्धतींवर निर्बंध घालणारी आंतरराष्ट्रीय संहिता मान्य केली. तेव्हा डॉ. विल्यम्स सत्त्याऐंशी वर्षांच्या होत्या. १३ जुलै १९९२ रोजी, वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी, ऑक्सफर्ड येथे त्यांचा मृत्यू झाला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात आपल्या देशात बालकांच्या दुधाची पावडर, दुधाच्या बाटल्या आणि शिशुआहार यांसंबंधीचा कायदा झाला. तो १९९३ च्या ऑगस्टपासून लागू झाला आणि २००३ मध्ये अधिक कडक करण्यात आला. अशा दुधाची जाहिरात करणे, बाळंतिणींना फुकट नमुने वाटणे, डब्यावर बाळाचे चित्र छापणे यांस त्याने मनाई आहे. आपल्या देशातील या कायद्याची कलमे वाचताना सिंगापूरच्या माड्यांवर जाणाऱ्या त्या पांढऱ्या पोशाखातील विक्रेत्या स्त्रिया आठवल्यावाचून राहत नाहीत.

आपल्या दाराशी

वाचकहो, हे चरित्र वाचून डॉ. विल्यम्स यांची थोरवी मान्य करणे सोपे आहे. परंतु त्यांचा प्रश्न आपल्या दाराशीही उभा आहे. आपण दिल्लीत असा, बडोद्यात असा, हैदराबादेत असा वा मुंबईत. आपल्या शेजारी उभ्या राहणाऱ्या इमारतीच्या पायथ्याशी पत्र्याच्या खोपटात एखादी तान्हुल्याची आई राहत असेलच. ती बिहारची असेल, ओडिशाची असेल, बुंदेलखंडाची असेल. आपल्या मराठवाड्यातील ऊसतोड कामगार कुटुंबेही दरवर्षी दिवाळीच्या सुमारास गाव सोडून फडावर जातात, आणि त्या कोप्यांतून बाळंतपणे होतात. यांपैकी बहुतेक आयांचे माहेर त्या वेळी शेकडो मैलांवर असते. आपल्यापैकी ज्या भगिनी स्वतः विवाहानंतर परप्रांतात आल्या, त्यांना त्या एकटेपणाची थोडीफार कल्पना असेल.

१९६९ मध्ये दिल्लीत गांधी जन्मशताब्दीच्या प्रदर्शनाचे बांधकाम चालू असताना मजूर स्त्रियांची मुले उन्हाधुळीत पडलेली पाहून मीरा महादेवन यांनी तेथेच एका तंबूत पाळणाघर सुरू केले. त्यातून मोबाईल क्रेशेस ही संस्था उभी राहिली. मोठा निधी हाती येईपर्यंत त्या थांबल्या नाहीत. आई काम करते तेथेच पाळणा नेला, म्हणजे तिला मध्येच येऊन बाळाला पाजता येऊ लागले.

आपल्यालाही करता येण्याजोगे पुष्कळ आहे. जन्मानंतर तासाभरात बाळाला आईचे दूध मिळावे, पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज पाणीसुद्धा देऊ नये, सहा महिन्यांनंतर मऊ घरगुती अन्न सुरू करावे आणि त्याबरोबर निदान दोन वर्षे अंगावरचे दूध चालू ठेवावे, हे वैद्यकशास्त्र आज निःसंशय सांगते. पण हे सांगण्याआधी त्या आईपाशी बसावे. तिच्या गावी बाळाच्या उष्टावणाला काय करतात ते तिला विचारावे. बिहारच्या आईला सत्तू आणि खिचडी ठाऊक असते, ओडिशाच्या आईला डाळभात, मराठवाड्याच्या आईला वरणात कुस्करलेली भाकरी. तिच्या ओळखीच्या अन्नातच बाळाचा आहार बसविला तर ती तो मनापासून घालील. आपल्या घरचा पदार्थ तिच्यावर लादला तर तो आपली पाठ फिरताच बाजूला पडेल. तिची भाषा बोलणारी एखादी बाई वस्तीत शोधावी आणि तिला बरोबर घ्यावे. मुकादमाशी बोलून कामाच्या वेळात पाजण्यापुरती सवड आणि सावलीची जागा मिळवून द्यावी. आणि जिला खरोखरच दूध येत नाही, किंवा आजारपणामुळे पाजता येत नाही, तिला दोष न देता जवळच्या दवाखान्यात सोबत न्यावे.

डॉ. सिसिली विल्यम्स यांनी एका आजाराचे नाव मातांना विचारले, आणि त्या एका प्रश्नातून असंख्य मुलांच्या जगण्याची वाट उघडली. माहेराला मुकलेल्या आईला आपण तिचे गाव परत देऊ शकत नाही. पण तिच्या उशाशी बसून, तिचे ऐकून घेऊन, आपण तिला माहेराचा थोडा आधार देऊ शकतो. हे काम करण्यास डॉक्टर असावे लागत नाही. येत्या आठवड्यात आपल्या घराजवळच्या त्या पत्र्याच्या खोपटाकडे आपली पावले वळतील काय?